पोलिसांची जुनी रिव्हॉल्व्हरं जातात कुठे?

कोलंबसवासी

परवा शनिवारी ऑफिसातल्या एका मित्राबरोबर बंदुकांच्या दुकानात गेलो होतो. इथे ओहायोत ही दुकानं आपल्याकडच्या भांड्यांच्या दुकानांसारखी असतात, काउंटरमागे भिंतभर माल आणि मालक गप्पिष्ट. मित्र हरणांच्या शिकारीसाठी काडतुसं घेत होता, मी आपला काचेच्या कपाटात डोकावत होतो. खालच्या खणात एका ओळीत सात-आठ एकसारखी रिव्हॉल्व्हरं. चार इंची नळी, लाकडी मूठ, नळीच्या टोकाचा आणि गोळ्या भरायच्या चक्राच्या कडांचा काळा मुलामा उडून पोलाद पांढरं पडलेलं. चिठ्ठीवर लिहिलेलं, 'पोलीस ट्रेड-इन, ३९९ डॉलर'. एकाच्या मुठीमागच्या पट्टीवर कुठल्यातरी पोलीस खात्याचं नाव कोरलेलं होतं, दुसऱ्यावर ते घासून काढलेलं.

मालक म्हणाला, हे स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १०. चक्र उघडून नळीतून उजेडाकडे बघायला लावलं. आत आरशासारखं लख्ख! म्हणजे बाहेरून आजोबा, आतून नवरदेव. वीस वर्षं कुणाच्या तरी कमरेला घासलं, पण उडालं ते बहुतेक वर्षातल्या एक-दोन सरावांपुरतंच.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. अमेरिकेतल्या पोलिसांनी रिव्हॉल्व्हर सोडून पिस्तूल घेतलं, त्याला तीसेक वर्षं झाली. तेव्हाच्या त्या लाखो रिव्हॉल्व्हरांचं झालं काय? आणि आपल्याकडच्या फौजदाराच्या कमरेचं ते दोरीवालं रिव्हॉल्व्हर? ते कुणी विकत घेतलेलं मी तरी ऐकलं नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

(विकत घ्यायचा विचार नाही. बायको घरात घेणार नाही, मला आणि रिव्हॉल्व्हरला, दोघांनाही.)


तिरफळ

मुंबईत 'घोडा' भाड्याने मिळतो म्हणतात, तिकडे हप्त्यावर मिळत असेल. हलकेच घ्या.


सुहास_एडिसन

चांगला विषय. मी न्यू जर्सीत पंचवीस वर्षं आहे आणि या भानगडीत थोडा रस आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मॉडेल १० म्हणजे इथल्या पोलिसांची अँबॅसेडर गाडी. १८९९ मध्ये 'मिलिटरी अँड पोलीस' नावाने सुरू झालं, १९५७ मध्ये त्याला १० हा क्रमांक मिळाला, आजवर साठ लाखांहून जास्त बनली. सहा गोळ्या, .३८ स्पेशल काडतूस (हा आकडा काडतुसाच्या मापाचा). १९६७ मध्ये इलिनॉय राज्याच्या पोलिसांनी ९ मि.मी. पिस्तूल घेतलं, तेव्हा बाकीच्यांनी नाकं मुरडली होती.

खरा धक्का बसला ११ एप्रिल १९८६ ला मायामीत. बँका लुटणाऱ्या दोघांना एफबीआयच्या आठ एजंटांनी गाठलं, त्यात दोन एजंट मेले, पाच जखमी झाले. बहुतेकांकडे रिव्हॉल्व्हर होती. हाताला गोळी लागलेल्या माणसाला चक्रात एकेक काडतूस भरणं जमेना. त्यानंतर 'सहा गोळ्यांवर भागत नाही' हे पालुपद देशभर झालं. गंमत बघा, एफबीआयने नंतर जिच्या नावाने बोटं मोडली, ती दरोडेखोराच्या हृदयाच्या अलीकडेच थांबलेली गोळी ९ मि.मी. पिस्तुलातली होती. आणि शेवटी त्या दोघांना संपवलं ते एका जखमी एजंटाच्या रिव्हॉल्व्हरने. तरी नोकरी गेली रिव्हॉल्व्हरचीच.

नेमक्या त्याच सुमाराला ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीने जॉर्जियात दुकान थाटलं. सतरा गोळ्या, प्लॅस्टिकचा सांगाडा, वजनाला हलकं. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. पोलीस खात्यांकडे पैसे नसायचे. कंपनी आणि तिचे वितरक म्हणाले, पैसे राहू द्या, जुनी हत्यारं द्या, नवी घ्या. आपल्याकडे बोहारीण जुन्या साड्या घेऊन स्टीलचं पातेलं देते तसं. जुनी रिव्हॉल्व्हरं वितरकाकडे गेली, वितरकाकडून दुकानांत, तिथून तुमच्या काचेच्या कपाटात. काही खात्यांना तर नवं हत्यार जवळजवळ फुकटात पडलं.


अपर्णा_म

सुहासजी, म्हणजे पोलिसांनीच बाजारात हत्यारं ओतली? आणि यावर कुणी काही बोललं नाही?


सुहास_एडिसन

अपर्णाताई, बोलले ना. पण उशिरा.

न्यू ऑर्लिन्सचं उदाहरण बघा. ऑक्टोबर १९९८ मध्ये बंदूक कंपन्यांवर खटला भरणारं हे देशातलं पहिलं शहर. तुमची हत्यारं आमच्या रस्त्यांवर माणसं मारतात, भरपाई द्या, असा दावा. थोड्याच दिवसांत बाहेर आलं की त्याच शहराच्या पोलिसांनी त्याच वर्षी जप्त केलेली आणि जुनी अशी हजारो हत्यारं देऊन ग्लॉक घेतली होती. अट एवढीच की लुईझियाना राज्यात विकू नका. म्हणजे कचरा शेजारच्या अंगणात टाका. महापौरांची पुरती शोभा झाली.

पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये एका वंशद्वेष्ट्याने ज्यू केंद्रात लहान मुलांवर गोळ्या झाडल्या आणि नंतर एका फिलिपिनो वंशाच्या पोस्टमनला ठार केलं. पोस्टमनला मारलं ते हत्यार म्हणजे वॉशिंग्टन राज्यातल्या कॉस्मोपोलिस नावाच्या चिमुकल्या गावच्या पोलिसांनी बदलीत दिलेलं ग्लॉक होतं. हे पिस्तूल, रिव्हॉल्व्हर नव्हे, पण वाट तीच. पोस्टमनच्या घरच्यांनी ग्लॉकवर दावा लावला, तो वरच्या न्यायालयात टिकलाही. मग २००५ मध्ये बंदूक कंपन्यांना असल्या दाव्यांपासून वाचवणारा कायदा संसदेने केला आणि तो दावा निकालात निघाला.

आकडाही देतो. २०२४ मध्ये काही पत्रकार संस्थांनी मिळून सरकारी नोंदी तपासल्या. २००६ पासून सुमारे पंधरा वर्षांत गुन्ह्यांच्या तपासात सापडलेल्या हत्यारांपैकी ५२ हजारांहून जास्त कधी ना कधी पोलिसांची होती. चोरीला गेलेली त्यात आहेत, पण विकलेली, बदलून दिलेलीही आहेत.


मनोज_बोस्टन

थोडी भर. सगळीकडे हा प्रकार नाही. केंद्र सरकारची हत्यारं, म्हणजे एफबीआय वगैरेंची, सामान्य लोकांना विकता येत नाहीत. फार तर दुसऱ्या पोलीस खात्याला देतात, नाहीतर मोडून भंगार. त्यामुळे 'एफबीआयचं खरं रिव्हॉल्व्हर' म्हणून कुणी विकत असेल तर दुकानदाराला चार प्रश्न जास्त विचारा. एजंटचं स्वतःच्या पैशाने घेतलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

न्यूयॉर्कची कथा आणखी निराळी. तिथे पोलीस आपलं हत्यार स्वतः विकत घेतात, त्यामुळे ते खात्याचं नसतंच. १९९३ मध्ये ९ मि.मी. पिस्तुलाला परवानगी मिळाली, पण ज्यांच्याकडे रिव्हॉल्व्हर होतं त्यांना ते ठेवू दिलं. काही म्हातारे गडी पंचवीस वर्षं तेच लटकवून फिरले. शेवटी ३१ ऑगस्ट २०१८ ही मुदत घातली, त्यानंतर ड्यूटीवर रिव्हॉल्व्हर बंद.

आणि बऱ्याच खात्यांत निवृत्तीला आपलं हत्यार एका डॉलरला विकत घ्यायची सोय असते. सत्यनारायणाच्या पूजेला सव्वा रुपया ठेवतात तसा तो डॉलर.


खडकीकर

एका डॉलरला!! आमच्या आजोबांना एचएमटीचं घड्याळ दिलं होतं, तेही वर्गणी काढून.

अवांतर: कोलंबसवासी, त्या मूळ काळ्या मुलाम्याला पॉलिश-बिलिश केलेलं असेल तर घेऊ नका. झिजलेला मुलामा हीच त्याची जन्मपत्रिका. चाप हळू ओढून बघा, घोडा (काडतुसावर आपटतो तो भाग) पडायच्या आत चक्र पक्कं अडकतंय का. डुगडुगत असेल तर राहू द्या.


कोलंबसवासी

खडकीकर, मी घेत नाहीये हो! आणि एच-वनवाल्यांना (नोकरीच्या व्हिसावरच्यांना) इथे बंदूक घेताच येत नाही, असं ऐकलंय.


मनोज_बोस्टन

बरोबर. ग्रीन कार्ड असेल तर येते. एच-वन असेल तर एरवी मनाई, पण शिकारीचा परवाना काढला की त्या मनाईतून सूट मिळते. हरणाने तुमचं काय घोडं मारलंय ते तुम्ही बघा.


निवृत्त_आर्मोरर

नमस्कार मंडळी. मुलाने हा धागा दाखवला. मी एका जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात आर्मोरर (हत्यारं सांभाळणारा-दुरुस्त करणारा) होतो, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. जिल्हा विचारू नये. टंकताना चुका होतात, सांभाळून घ्या.

आपल्याकडे हत्यार अधिकाऱ्याचं नसतं, सरकारचं असतं. बदली झाली की जमा, निवृत्त झाला की जमा, रजेवर गेला तरी जमा. बेल ऑफ आर्म्समध्ये (आमच्याकडे शस्त्रागाराला हेच म्हणायचे) जडसंग्रह नोंदवहीत (डेडस्टॉक रजिस्टर) प्रत्येक नगाचा नंबर. साहेब कोण आला, कोण गेला याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही, नंबर जुळला पाहिजे.

आमच्याकडे जुनी वेबली होती, एनफिल्ड होती, नंतर आलेली अमेरिकन रुगर होती. सगळी .३८. वेबली मधून मोडते, म्हणजे नळी खाली वाकते आणि सहाच्या सहा पुंगळ्या (उडालेल्या काडतुसांची रिकामी कवचं) एकदम बाहेर येतात. तो आवाज फार छान. तिचे भाग मिळेनासे झाले तेव्हा आम्ही दोन मोडून एक चालवायचो. स्प्रिंग याची, पिन त्याची. त्यामुळे कोलंबसवासी म्हणतात तशी आतून नवरदेव आमची नव्हती. पण उडवलेली मात्र कमीच. चांदमारी (नेमबाजीचा सराव) वर्षातून एकदा, तीही राऊंड, म्हणजे काडतुसं, आली तर.

नंतर ९ मि.मी. पिस्तुलं आली, इच्छापूरची. तेव्हा रिव्हॉल्व्हरं लगेच गेली नाहीत. आधी ती मुख्यालयातून पोलीस ठाण्यांना गेली, मग ठाण्यांतून परत आमच्याकडे, मग कपाटात. कपाटात किती वर्षं? विचारू नका. हत्यार वापरात नाही म्हणून नोंदवहीतून जात नाही. दर तपासणीला काढा, पुसा, तेल द्या, मोजा, ठेवा. जिवंत हत्यारापेक्षा मेलेल्याचीच सेवा जास्त केली.

मग निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून कायमचं काढून टाकणं. आधी तपासून अनुपयोगी ठरवायचं, मग प्रस्ताव वर, शेरे खाली, परत वर. मंजुरी आली की समिती बसायची. एकेक नंबर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नोंदवहीत खूण करायची, मग गॅस कटरने नळी, चक्र, सांगाडा वेगवेगळे कापायचे. नुसती नळी कापून भागत नाही, सांगाडा शाबूत राहिला तर हत्यार शाबूत. तुकडे भट्टीला. पंचनामा, सह्या. एकही नग बाजारात नाही.


अपर्णा_म

काका, काय लिहिलंत! टंकायच्या चुका कुठे आहेत? पण एक विचारू? विकली असती तर सरकारला पैसे नसते का मिळाले? परवानाधारक घेतातच की रिव्हॉल्व्हर.


निवृत्त_आर्मोरर

ताई, घेता येत नाही. ते काडतूस सरकारी आहे.


खडकीकर

काकांच्या उत्तरात सगळं आलं, तरी जरा फोड करतो. कारण लोकांचा समज असतो की इथे भावनेपोटी वगैरे हत्यारं वितळवतात.

आपल्या शस्त्र नियमांत काडतुसावरून हत्याराची जात ठरते. जे .३८० किंवा .४५५ चं रिम असलेलं काडतूस घेतं, किंवा लष्करी ९ मि.मी. घेतं, ते पिस्तूल-रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या मापात. .३०३ रायफलही त्यातच. हिशेब इंग्रजांच्या काळचा: सरकारी गोळी रयतेच्या बंदुकीत बसता कामा नये. १८५७ नंतरची भीती म्हणा. म्हणून सामान्य परवानाधारक बहुतेक .३२ घेतो. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं रिव्हॉल्व्हर त्यासाठीच .३२ आहे, २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आलेलं 'निर्भीक'सुद्धा .३२. ज्या वेबली अँड स्कॉटची .३८ काकांनी कापली, तीच कंपनी आता उत्तर प्रदेशात हरदोईजवळ .३२ बनवून विकते.

दुसरं, तिकडचं .३८ आणि इकडचं .३८ एक नव्हे. अमेरिकन .३८ स्पेशल लांब आणि किंचित बारीक, आपलं .३८० आखूड आणि जाडसर. एकाचं दुसऱ्यात नीट चालत नाही. रुगरने भारतीय पोलिसांसाठी म्हणून मुद्दाम आपल्या काडतुसाची रिव्हॉल्व्हरं बनवून दिली होती. ती अमेरिकेला परत नेली तरी गिऱ्हाईक काडतुसं शोधत बसेल.

आणि ती काडतुसं बनायची आमच्या खडकीला. बुडावर 'के' आणि 'एफ' ही दोन इंग्रजी अक्षरं, म्हणजे किर्की फॅक्टरी. लहानपणी अशी एक रिकामी पुंगळी मित्राकडे होती, तिने आम्ही शिट्टी वाजवायचो. मित्राच्या वडिलांनी ती बघितली आणि मित्राला असा बडवला की बस. तेव्हा कळलं नव्हतं का ते.


तिरफळ

का ते सांगा की. पुंगळीने काय होतंय?


निवृत्त_आर्मोरर

पुंगळीनेच होतं. शंभर राऊंड दिले तर शंभर पुंगळ्या परत. एक कमी भरली तर संध्याकाळी बॅटरी घेऊन सगळी चांदमारी गवतात. मी स्वतः दोन तास रांगलो आहे, पुंगळी शेवटी एका शिपायाच्या बुटात निघाली.

रिकामी पुंगळी म्हणजे उडवलेल्या राऊंडची पावती. पावत्या जमा करता आल्या, की न उडवलेला राऊंड उडवला म्हणून दाखवता येतो.


खडकीकर

हेच. उत्तर प्रदेशात रामपूरला २०१० मध्ये हाच प्रकार उघडकीला आला. केंद्रीय राखीव दल आणि पोलिसांतल्याच लोकांनी सरकारी काडतुसं बाहेर विकली, ती नक्षलवाद्यांपर्यंत गेल्याचा आरोप होता. २०२३ मध्ये २४ जणांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे बघा, अमेरिकेत हत्यार पावती करून मागच्या दाराने जातं, आपल्याकडे हत्यार जात नाही, काडतूस जातं. देशी कट्टा कुणीही लोहार ठोकून देतो, गोळी त्याला बनवता येत नाही.


मनोज_बोस्टन

काकांनी सांगाड्याबद्दल लिहिलं ते इथल्या लोकांनी वाचायला हवं. इथे कायद्याने 'बंदूक' म्हणजे फक्त सांगाडा. नळी, चक्र, घोडा, मूठ हे नुसते सुटे भाग. त्यामुळे 'आम्ही हत्यारं नष्ट करतो' म्हणणाऱ्या शहरांची हत्यारं काही कंपन्या फुकट चिरडून देतात, म्हणजे सांगाडा तेवढा चिरडतात आणि बाकीचे भाग संच करून विकतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने मिसुरीतल्या अशा एका कंपनीची बातमी छापली, तेव्हा कित्येक शहरांना स्वतःबद्दलच नवी माहिती मिळाली.

ॲरिझोनात तर उलट. तिथे जप्त हत्यारं नष्ट न करता विकावीत असा राज्याचा कायदा. टूसॉन शहर नष्ट करत होतं, तर २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं.


भाऊसाहेब_संगमनेर

धागा वाचतोय, छान चाललंय. पण सगळं ऐकून वाटतं की आपल्याकडे ते कापायलाही इतकी वर्षं का लागावीत? २६/११ ला आपल्या पोलिसांच्या हातात .३०३ होत्या. ओंबळेंच्या हातात तर लाठी. जुनं कपाटात जपायचं आणि नवं यायचं नाही.


निवृत्त_आर्मोरर

भाऊसाहेब, ते आम्ही आर्मोरर लोक फार आधीपासून लिहून देत होतो. लिहून दिलेलंही जडसंग्रहातच जातं.


सुहास_एडिसन

.३०३ वरून आठवलं. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला रीतसर निरोप दिला. रायफलीला निरोप समारंभ! रिव्हॉल्व्हरच्या नशिबी तो नाही. जपानमध्ये मात्र ते अजून नोकरीत आहे, पाच गोळ्यांचं, दोरीला बांधलेलं. तिथलं जुनं 'न्यू नांबू' रिव्हॉल्व्हर बनणं थांबलं आणि त्याच्या जागी नवीन आलं तेही रिव्हॉल्व्हरच, स्मिथ अँड वेसनकडून घेतलेलं.


अपर्णा_म

ती दोरी कशाला असते? सिनेमात नेहमी दिसते.


निवृत्त_आर्मोरर

गर्दीत कुणी हिसकावलं तर अधिकाऱ्यासकट जावं म्हणून. हे आमचे एक साहेब सांगायचे.

खरं म्हणजे हातातून पडू नये म्हणून. मुठीच्या बुडाला कडी असते, तिच्यात अडकवायची. निर्लेखनाच्या वेळी दोऱ्या वेगळ्या मोजल्या जात. आमच्या एका खेपेला रिव्हॉल्व्हरं ३१ आणि दोऱ्या ३३ भरल्या. जास्त भरणं हे कमी भरण्याहून वाईट. दोन दोऱ्यांसाठी अडीच महिने पत्रव्यवहार चालला.


कोलंबसवासी

सर्वांचे, आणि विशेषतः आर्मोररकाकांचे मनापासून आभार. काल परत त्या दुकानात गेलो होतो. नाव कोरलेलं विकलं गेलं होतं, चिठ्ठीतल्या किमतीपेक्षा पन्नास डॉलर जास्त देऊन म्हणे. नाव घासून काढलेलं तसंच पडून होतं. मी मुठीचं बूड बघितलं. कडी नव्हती, तिथे नुसता नंबर होता.

मालकाला विचारलं, असा माल अजून येतो का. म्हणाला, रिव्हॉल्व्हरं आता क्वचितच, कुणा निवृत्त पोलिसाची बायको घेऊन आली तर. पण पुढच्या महिन्यात जवळच्या एका गावच्या पोलिसांची ग्लॉक येतायत, .४० ची. एफबीआय .४० सोडून परत ९ मि.मी. वर गेली, मग सगळेच निघाले. ती दुकानात यायच्या आत हवी असतील तर नाव लिहून ठेवतो, म्हणाला.